अख्ख्या बेटाचं बी

रुक्मा : हात मागं घे व कुंता, बाभळीचे काटे हाय. अन् पोराले सांभाळ. एवढ्या चिखलात कायले आलीस?

कुंता : जाऊबाई, उद्या मोजणीदार येतोय. या कुंपणाच्या जागी एकदा दगड रोवले, की बेटाचे कायमचे दोन तुकडे.

रुक्मा : मले काय नवीन सांगून राहिली? सत्तेचाळीसात देश कापला, गेल्या साली प्रांत कापला. नदीतलं आपलं बेटच तेवढं राह्यलं होतं.

कुंता : थट्टा नका करू. आमच्या म्हशीनं तुमचं धान खाल्लं, म्हणून सख्खे भाऊ दहा महिने बोलत नाहीत. नदी ओलांडायला डोंगा एकच, तोही तुमच्या काठाला. हा खुशाल जरा तापला की मी आधी नदी बघते, मग त्याचं कपाळ.

रुक्मा : माय व! अन् मले हाक नाही मारत?

कुंता : कशी मारू?

रुक्मा : तोंडानं.

कुंता : मी कागद लिहून आणलाय. समेटाच्या पाच अटी. दोघांनी सही केली तर—

रुक्मा : फाड तो. तुहा गुलाबचंद म्हणन, दादानं आधी सही करावी. माह्या घरचे म्हणतीन, धाकट्यानं आधी.

कुंता : मग काहीच मार्ग नाही?

रुक्मा : तिकडं पाय. पऱ्हे दिसून राहिले?

कुंता : भाताची रोपं ना? दिसतात की. पण जाऊबाई, एवढी? तुमच्या अर्ध्या बेटाला इतकी कशाला?

रुक्मा : माह्या घरच्यायले पूस. हात सवयीनं चालला. दरसालसारखं अख्ख्या बेटाचं बी टाकलं, अन् आता म्हणते, चुकलो.

कुंता : अगंबाई! आणि आमच्या ह्यांनी बोडीच्या तळ्यातल्या पाण्याचा पाट साफ केला, तो थेट कुंपणाखालून तुमच्या भाताच्या शेवटच्या बांधीपर्यंत. विचारलं तर म्हणाले, पाट तिथंच संपतो, मी काय करू?

रुक्मा : हे इतके दिवस सांगितलं नाही काऊन?

कुंता : भांडण वाढेल, असं वाटलं.

रुक्मा : भल्ली शिकलीस बाई! पदर घे आता. तुहे भासरे येऊन राहिले.

(कुंता पदर पुढे ओढते. थोरल्या दिराशी सुनेनं थेट बोलायचं नाही, ही घरची रीत.)

ग्यानीराम : कोणाशी बोलून राहिलीस रुक्मा?

रुक्मा : कुंपणाशी.

कुंता : खुशाल, मोठ्या बाबांना सांग, आमच्या बांध्या चिखलणी होऊन तयार आहेत. रोपं मात्र नाहीत. आमची पाण्यात सडली.

ग्यानीराम : हा तो पोरगा?

रुक्मा : हाव. नऊ महिन्याचा. कुंपणाहून महिन्यानं लहान.

ग्यानीराम : खुशाल, तुह्या मायले सांग, तुमच्यासाठी नाही टाकले म्या पऱ्हे. चुकून झाले.

कुंता : खुशाल, सांग, तुझ्या बाबांनी पाटही चुकूनच काढला. पाणी पोहोचलं ना त्यांच्या बांधीत?

ग्यानीराम : तरीच! मी म्हणो, एवढं पाणी आलं कुठून?

कुंता : आणि विचार खुशाल, उद्याच्या मोजणीदाराचं काय?

ग्यानीराम : उद्या डोंगा कुठचा? पऱ्ह्याच्या पेंड्या वाहाले लागन तो, तिकडच्या टोकापर्यंत. मोजणीदाराले आणाले रिकामा नाही.

रुक्मा : अन् परवा?

ग्यानीराम : परवा मी जातो कचेरीत, मोजणीचा अर्ज वापस घेतो. पण तुह्या बापाले बोलवाले मी नाही येणार, सांग.

कुंता : सांग खुशाल, तेही येणार नाहीत. पेंड्या उचलायला मात्र येतील.

ग्यानीराम : हं. पेंड्या उचलाले येऊ दे.

रुक्मा : झालं? का अजून काही सांगाचं हाय पोराच्या कानात?

ग्यानीराम : खुशाल, तुह्या मायले म्हण, तुले इकडं दे थोडा वेळ. काटे मी बाजूले धरतो.