निळीचा ठिपका

मंडळी, नानांच्या शोकसभेला एवढे सगळे कामधंदा सोडून आलात. अक्का, नानांच्या माघारी तुम्ही एकट्या समोर बसलात, म्हणून बोलणं आणखीच अवघड झालंय. मला बसून बोलता येणार नाही. सांभाळून घ्या.

नाना भूगोलाचे मास्तर, मी शेजारी. पिंप्राळ्यात त्यांच्या ओट्यावर आमचा रोज संध्याकाळी चहा. आणि रोज वाद! त्यांच्या फोटोमागे हा जगाचा नकाशा दिसतोय ना, तो ओट्यावरचाच. कोणती भाषा कुठे बोलतात, ते नाना काडीनं ठिपके लावून दाखवायचे. तुर्कीला कुंकू, थाईला हळद.

बघा की. कुंकू तुर्कस्तानात आहे, सायप्रसला आहे, बल्गेरियात आहे. पार जर्मनीत आहे, कारण तुर्की माणसं कामाला गेली आणि तिथेच राहिली. हळद मात्र थायलंडात दाट, बाहेर जवळपास नाहीच. मी म्हणायचो, नाना, तुमची थाई घरकोंबडी! नाना भडकायचे. "घरमा राहिनी म्हनीन धाकली व्हयनी का?" घरात राहिली म्हणून लहान झाली का?

मग एके दिवशी त्यांनी नीळ कालवली. खानदेशावर आपल्या अहिराणीचे ठिपके लावले आणि एक ठिपका जर्मनीत, कुंकवाला खेटून. तिथे त्यांचा मुलगा असतो, नात सई असते. म्हणाले, आपली पण गेली बघ तिथवर.

आणि मी काय बोललो? मंडळी, मी हसलो. म्हणालो, नाना, तिथे जन्मलेली पोरगी अहिराणी बोलणार? पुसा तो ठिपका. मास्तर असून खोटं शिकवता?

नाना वाद घालतील असं वाटलं होतं. नाही घातला. धोतराच्या सोग्यानं ठिपका पुसला आणि आत गेले. चार दिवसांनी ते गेलेच. त्या चार दिवसांत मी चहाला गेलो नाही. का गेलो नाही? कशाचा एवढा ताठा होता मला?

काल सई आली. चप्पल काढली आणि आधी नकाशासमोर उभी राहिली. जर्मनीवर बोट ठेवून मला विचारते, "आबा, आठे निळा ठिपका व्हता. कोठे गया?"

दर रविवारी नाना तिच्याशी फोनवर अहिराणीतच बोलायचे, ठिपका लावला तेव्हा त्याचा फोटोही तिला पाठवला होता, असं अक्कांनी मग सांगितलं. नानांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. कालपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. डोळे मिटू नका. सई, इकडे ये बेटा. ही वाटी धर, नीळ कालवून आणलीय. काडी घे. ठिपका तू लाव.

नाना, चूक माझी होती. तुमचा नकाशा बरोबर होता.