पूजेतून धावलेल्या पेट्या

मंडळी, देवापुढं बसला आहात, एकदा खरं सांगा – पूजा कशाला म्हणायचं? हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले – झालं? अहो, उत्तराची घाई नको! आधी गोष्ट ऐका.

तांबेवाडीत एक सखाहरी सुतार होता. हात असा, की त्यानं बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही. पण हत्यारं? सगळी एका गोणीत! ड्रिल वर, तर त्याची बॅटरी तळाला. करवतीसाठी हात घालावा, तर पटाशी बोटाला लागावी! अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शोधाशोध. मान डोलावू नका आजोबा – तुमच्या चष्म्याचं मला ठाऊक आहे!

त्याच्या बायकोला, कुसुमला, हे बघवेना. तिनं तालुक्याहून पेट्या आणवल्या. पेटी म्हटल्यावर आमचे पेटीवाले दचकले – तुमची नव्हे हो, वाजवा तुम्ही! या एकीवर एक बसणाऱ्या. खटका लावला की वरची खालचीला घट्ट धरते. तळाच्या पेटीला चाकं नि ओढायला दांडा. अष्टमीला नवरा बाहेर गेला, आणि तिनं गोणी उपसली. एकेक हत्यार पुसलं. वरच्या पेटीत ड्रिलला लावायचे बिट नि स्क्रू, मधल्या पेटीत ड्रिल – बॅटरी भरून! – आणि खाली जड ग्राइंडर.

सखाहरी आला तो भडकलाच! "हत्यारं काय पोरं हायती व्हय, ज्याच्या त्याच्या अंथरुणात निजवायला? आता मला माझंच काय सापडायचं न्हाई!"

कुसुम एवढंच म्हणाली, "सापडंल."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुताराच्या घरी केवढा सण! हत्यारांची पूजा करायची, आणि त्या दिवशी हत्यार जागचं हलवायचं नाही. रुसलेला सखाहरी पेट्यांवरच झेंडूची माळ घालून, निरांजन लावून हात जोडत होता –

तोच शेजारून किंकाळी!

शेजारची वैजयंता कडाकण्या तळायला तेल तापत ठेवून क्षणभर अंगणात आली, आणि तिच्या तीन वर्षांच्या दुर्वानं आतून दाराचा खालचा बोल्ट सरकवला! सरकवला तो अडकला. दार लोखंडी. लाथा घातल्या, हलेना! आत गॅस पेटलेला, तेल धुमसतंय, आणि लेकरू एकटं! खिडकीला जाळी – स्क्रूनं आवळलेली.

सखाहरी उठला... आणि पूजेपुढं थबकला. दारातून कुणीतरी म्हणालंच, "आज हत्यार हलवत न्हाईत रं!"

काय करावं मंडळी? तुम्ही असता तर?

कुसुमनं निरांजन उचलून बाजूला ठेवलं. म्हणाली, "देवाचं मी बघते. तुमी पोरीचं बघा!"

आणि त्यानं दांडा ओढला! एकीला ओढलं, सगळ्या आल्या – माळेसकट, कुंकवासकट! अहो, पूजाच पळत निघाली! गल्लीभर झेंडू!

"ड्रिल?"

"मधली पेटी!" मागून धावत आलेली कुसुम.

"बिट?"

"वरच्या पेटीत, डावा कप्पा!"

खट् – खट्! शोधणं नाही, उपसणं नाही! घर्र घर्र करत स्क्रू निघाले, जाळी उतरली, सखाहरी आत! पहिला गॅस बंद, मग पोर कडेवर. बाईसाहेब कशा होत्या? गालाला पीठ, हातात कणकेचा गोळा! म्हणते कशी – "मी कलाकनी केली!"

वैजयंता रडत होती का हसत होती, तिलाच कळेना. हुश्श झालं हो सगळ्यांना! सखाहरी तर तिथंच पेटीवर बसला. कुसुमकडं बघून म्हणाला, "सापडलं गं." मग म्हणाला, "गोणीत असतं तर..."

संध्याकाळी त्यानं स्वतः ड्रिल पुसलं, मधल्या पेटीत ठेवलं, खटका लावला. मग वर फूल वाहिलं. आता सांगा – कुसुमनं अष्टमीला बसून एकेक हत्यार पुसलं, त्याच्या जागी ठेवलं, ती पूजा नव्हती? नवमीची पूजा तर तिच्यामुळं धावली, आणि एका आईला तिचं लेकरू मिळालं!

मंडळी, आपलं मन कसं आहे? गोणी! राग वर, दया तळाला. कुणी हाक मारली की आपण दया शोधत बसतो, तोवर हाक थांबते! दया वर ठेवा, हाताशी ठेवा. देव दुसरं काही मागत नाही.

आता दोन्ही हात वर करा, मोठ्यानं देवाचं नाव घ्या. आणि जाताना, बाबांनो, टाळ जिथून उचलले तिथंच ठेवा!