तिठ्यावरचे पांढरे बाण

हॅलो?… हॅलो, कोण?… कुणाली? अगो, हायेस कुठं तू?

…घरी? कुठल्या घरी? कल्याणच्या?… बरं. मग तुझी सासू आत्ता मला फोन करून का विचारते, "सूनबाई माहेरी पोचल्या का?"

…हो, आत्ताच. चहा पण गार व्हायचाय माझा.

…काय सांगणार? आई हाय मी तुझी. म्हटलं, पोचली, आंघोळीला गेलीय. तर म्हणतात, बाहेर आली की बोलते तिच्याशी. आता परत करतील त्या. तवा न्हाणीतून कुणाला काढू मी?

…हसू नको. खरं सांग, भांडण झालं? रितेशरावांनी हात उचलला?… नाय? नक्की नाय? घाल शपथ… माझी नको घालू, मला जगायचंय अजून. गावदेवीची घाल.

…बरं. मग वारा कसला येतोय एवढा?… कुणे, ते मागं कोण बोललं? गडीमाणसाचा आवाज हाय तो.

…प्रणय? कोण प्रणय?

…नाय, तू ऐक आधी. सासूला सांगायचं माहेरी जाते, आईला सांगायचं घरी हाय, आणि मधीच हा प्रणय! काय समजायचं माणसानं?… बायका पण हायेत? दे बरं एकीला फोन.

…हॅलो? कोण बाई तुमी?… भाविका. बरं. कुणालीच्या कोण?… ऑफिसातल्या. आणि तो गडी?… तुमचे मिस्टर? असं असं… हो, हो… द्या बाई तिला.

हां, कुणे. आवाज तर चांगल्या घरच्या बाईचा वाटला. पण आवाजाचं काय घेऊन बसलीस, म्हसा गावच्या जत्रेत मारका बैल विकणारा पण गोडच बोलतो.

…सायकल? कसली सायकल?… तुमी सगळे? कल्याणपासून?… टेम्पोत घालून आटगावला. आणि तिथून कालव्याच्या रस्त्यानं… आपल्या कालव्याच्या? अगो बाय! म्हणजे दर रविवारी ते डोक्यावर टोपरी घातलेले, चड्डीवाले जातात, त्यांच्यात तू?

…दिवाळीपासून! आणि दर वेळेला सासूला माझं नाव सांगतेस? वा गो वा. आईच्या दारावरून जायचं आणि आईला तोंड दाखवायचं नाय.

…हो, लागलं मला. लागणार नाय का?

…बाबांना भिऊन? बाबा तुझे काय खातात काय तुला?… आमी सासरी कळवू असं वाटलं? आमी?… बरं. कळवलं असतं, ते पण खरं. मग आजच बरी आईची आठवण झाली?

…आज नव्या वाटेनं आलात, आणि रस्ता चुकलात? तू? जन्मलीस इथं!… हां, कालव्याच्या पलीकडच्या रानात तुला आमी कधी पाठवलं नाय, ते खरं.

…बाण? कसले बाण?… मला काय म्हायत!

…पांढरे. तिठ्यावरच्या दगडावर. हं… शेण कुणी फासलं ते मला काय विचारतेस?

…बरं, मीच. मी आणि शेजारच्या ठकी, रुपा. काल पाटी भरून शेण नेलं.

…का म्हणजे? दगडावर रंग दिसला की मागनं काय येतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण ठावं हाय. धरणाच्या वेळी तुझ्या आजोबांच्या बांधावर असाच ठिपका आला. रस्त्याच्या वेळी शेजारच्या धाऊच्या बांधावर आला. आधी ठिपका, मग मोजणीवाला, मग नोटीस. आता हा बाण, तो पण सरळ आपल्या वालाच्या शेताकडं तोंड करून! आमी काय आरती ओवाळायची त्याला?

…सायकलवाल्यांना वाट दाखवायला? काढले कुणी?… प्रणयनी. विचार त्याला, मोजणी खात्यात नाय ना कामाला?… विचार तर!… बँकेत? बघ, बँकवाल्यांचं पण जमिनीवर ध्यान असतंच.

…बरं, आता हायेस कुठं ते सांग. काय दिसतं?… खाली पाणी? धरणाचं? अगो, मग लांब गेलात. शेंदूर लावलेला वाघोबा लागला का वाटेत?… हां, मग त्याच्यापर्यंत मागं फिरा. तिथं पाया पड आणि डाव्या हाताची वाट धर. मोहाच्या झाडाखालनं सरळ आपल्या खळ्यात येशील.

…थोडं थांबून? कशाला? पाणीच ना ते? आमी त्या वाटेनं मोळ्या वाहिल्या, मान मोडली. कधी वर बघितलं नाय.

…धुकं… हं… पलीकडं माहुलीचा डोंगर… बरं, असेल चांगलं.

…उतारावर काय होतं?… पाय थांबवायचे, आणि सायकल आपली आपण… हं… कानात वारा… आणि कुणी काय मागत नाय. डबा नाय, चहा नाय…

…हो, हो. बोल तू.

…ऐकतेय गो, ऐकतेय. लग्न झाल्यापासून एवढं सलग बोलली नायस माझ्याशी. फोन केला की आपलं, बरी हाय, बरी हाय. तवाच मला संशय यायचा. बरं असलेलं माणूस दोनदोनदा सांगतं का?

…थांब, थांब. टुंगटुंग वाजतंय इथं. दुसरा फोन… तुझी सासू!

…नाय, आंघोळ आता नाय चालायची. एवढा वेळ म्हैस पण डुंबत नाय.

…अगो ऐक ना! घाबरू नको. सांगते, मीच बोलावलंय दर रविवारी. ते पण खोटंच, नाय का?… मग खरंच सांगते.

…रागावू देत. सायकल बंद कर म्हणाल्या, तर म्हणेन, सोयरिकीच्या वेळी सगळं सांगितलं, पोरीला सायकल येते एवढं सांगायचं राहिलं. चूक आमची, तिला कशाला बोलता?

…पण तू दारावरून जायचं नाय हां. सगळ्यांनी भाकरी खाऊन जायचं. त्या बँकवाल्याला तर समोरच बसवते… ठेव आता. वाघोबापाशी डावीकडं!… हो, हो, ठेव.

हॅलो?… हो, विहीणबाई, मीच… नाय, ती न्हाणीत नाय. मगाशी मी तुमाला खोटं सांगितलं… हो, मीच बोलले खोटं. कुणाली वाटेत हाय, सायकलवर… हो, सायकलच म्हटलं मी.