सोजर बोलली तवा

म्या माकणीची, कुंभाराची लेक. बाप चाक फिरवायचा, माय चिखल तुडवायची आन म्या तिच्या पायात लुडबुडायची, तवापासनं मातीचं येड. धाराशिवला कॉलेज केलं, मग पुण्याला जाऊन मातीकाम, चित्रं, गाणी ह्यातनं मन दुखलेल्या माणसाला कसं सावरायचं ते शिकले. बाप म्हनला, चिखल कालवाया एवढं शिकावं लागतंय व्हय?

आता धाराशिवात, मनानं आजारी बायांच्या आश्रमात हाय, अकरा वर्सं झाली. समदे चिखलवाली मॅडमच म्हनत्यात.

काय सांगू तुम्हाला, तितं सोजर आली, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, नवऱ्यानं आणून सोडलेली, तोंडातनं शबूद न्हाय. म्या रोज तिच्याम्होरं मातीचा गोळा ठिवायची आन गप बसायची, रोज, आठ महिने, ती बगायची बी न्हाय. मग एका दुपारी तिनं गोळा उचलला, खोली केली, आत एवढीशी बाई बसवली. म्या इचारलं, दार कुठं हाय गं? तर म्हनली, भायेरनं कडी हाय. पयलं बोलणं तिचं. म्या रडले, हसले, ती खोली समद्यांला दावत सुटले.

तितंच चुकलं माजं. बोलाया लागली म्हंजी बरी झाली, असं समद्यांनी धरलं. घरी भाकऱ्या थापाया कुणी न्हाय म्हनून नवरा लगेच हजर, हात जोडून हुबा. म्या आश्रमाच्या मोठ्या साहेबांला म्हनलं, साहेब, त्या कडीचं कायतरी बगा, मग धाडा. साहेब म्हनले, कागद झालेत मॅडम. ती माजा पदर सोडंना. म्याच तिची बोटं सोडवली, म्हनलं, येते भेटाया. गेले न्हाय वो. वाशी काय लांब हाय का? गेलेच न्हाय.

त्याच साली मला शाल दिली. भाषणात म्हनले, बाईंकडं माया हाय, सबुरी हाय, जिद्द हाय. म्या खाली मान घालून टाळ्या ऐकल्या.

दिवाळी झाल्यावर नवऱ्यानं तिला परत आणून टाकली. मनगटावर वळ. पुन्हा मुकी.

तुमी एवढं बसून ऐकलंत, सुखी रावा. म्या रोज बसते तिच्यापाशी, तिची येणी घालते, पर माती न्हाय ठिवत म्होरं. डॉक्टर इचारत्यात, का वो मॅडम? काय सांगू त्यांला? ती बोलली की म्हनतील, बरी झाली, धाडा घरी.