चारशे अठरावी गाडी

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वाहन तपासणी केंद्राचे प्रमुख साहेब, मुख्य कार्यालयातून आलेले पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या आई आणि पत्नी, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला सहा मिनिटं दिली आहेत. मी पाच घेईन.

सत्कारमूर्तींना तुम्ही सगळे 'शिट्टी' म्हणता, कारण ब्रेक तपासतानाही ते शीळ घालतात. मला 'फूटपट्टी' म्हणता. पाठीमागे म्हणता, पण शेडमध्ये आवाज घुमतो. तेव्हा आज फूटपट्टीनं शिट्टीचं कौतुक करायचं आहे. मोजूनच करीन.

आम्हा दोघांचं शेवटचं काम म्हणजे गाड्यांचे मागचे फॉग लाइट. सत्कारमूर्तींच्या घरच्यांसाठी सांगते. दाट धुक्यात मागच्याला आपण दिसावं म्हणून गाडीच्या मागे हा लाल दिवा असतो. तो ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर असतो. हवा स्वच्छ असताना, गर्दीच्या रस्त्यावर तो लावून ठेवला की मागच्याचे डोळे दिपतात, आणि पुढच्यानं खरोखर ब्रेक दाबला तरी त्याला फरक कळत नाही. पुढचं आपल्याकडे येणारी चेपलेली बॉनेटं सांगतात.

पुलावर उभं राहून अशा गाड्या मोजायची कल्पना माझी. तक्ता माझा. तीनपैकी दोन हिवाळे तिथे उभी राहिले तीही मीच. तिथल्या पाटीवरचं वाक्यसुद्धा आधी माझंच होतं: 'मागील फॉग लाइटचा विनाकारण वापर टाळावा.' पाटी दोन महिने लागलेली होती. आकडा हलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत सत्कारमूर्ती डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, हे वाचून माणूस म्हणणार, मी कुठे विनाकारण लावलाय? कारण आता आठवत नाही, एवढंच!" शेडमधल्या काकांना हसून ठसका लागला. मी हसले नाही. मग यांनी माझ्याच तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'मागच्याला वाटतंय, तुम्ही ब्रेक दाबलाय.'

पाटी बदलली. तीन आठवड्यांत आकडा निम्म्यावर आला.

मला त्या वाक्याचा हेवा वाटला. आजही वाटतो. पाच शब्द आहेत. मी कितीदा तरी मोजले, एकही काढता येत नाही. थंडीत दोन हिवाळे उभं राहायचं मी, आणि लोकांनी मलाच विचारायचं, "अरे वा, ती ब्रेकवाली पाटी तुमच्याकडची का? कुणाला सुचलं हो?" तुमच्यापैकी किती जणांनी हे गोड मानून घेतलं असतं? मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. काका मात्र म्हणाले, "पोरी, चहात साखर घाल जरा." म्हणजे दिसत असणार.

पुढे मुख्य कार्यालयातल्या जागेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला. जागा एक. मुलाखतीच्या सकाळी, अहवालात टाकायला म्हणून, मी माझ्याच गाडीच्या पेटलेल्या मागच्या फॉग लाइटचा फोटो काढला आणि निघाले. लख्ख ऊन होतं. यांची मुलाखत दुपारी, त्यामुळे पुलावर तक्ता घेऊन हे उभे. पुढे गेल्यावर आरशात दिसले, दोन्ही हात हलवताना. काहीतरी ओरडतही होते. आधी वाटलं, शुभेच्छा देताहेत. मग वाटलं, जागा आपलीच म्हणून आनंद मावत नाहीये. मी काच वर घेतली.

मुलाखतीत विचारलं गेलं, ही चूक करतं कोण? मी म्हणाले, "डॅशबोर्डवरच्या खुणा ज्याला वाचता येत नाहीत तो." आजचे पाहुणे त्या समितीत होते. त्यांना आठवत असेल.

गेल्या आठवड्यात यांचे कागद माझ्या ताब्यात आले. त्या सकाळच्या तक्त्यावर, नऊ वाजून बारा मिनिटांच्या पुढे, एका गाडीची रेघ खोडलेली आहे. शेजारी लिहिलंय, 'चाचणीची गाडी.' चाचणीच्या गाड्यांची नोंदवही माझ्याकडे असते. त्या दिवशी एकही बाहेर गेली नव्हती. नऊ बाराला पुलावरून कोण गेलं, मला माहीत आहे.

दुपारी हे त्याच समितीसमोर बसले. सांगायला वाव होता. सांगितलं नाही. समितीला नाही, मला नाही, काकांनाही नाही. आणि यांच्या पोटात काही राहत नाही, हे यांच्या आईसुद्धा मान्य करतील. मान हलवताहेत. आभारी आहे, काकू.

वाक्याचा हेवा मी निभावून नेला होता. या खोडलेल्या रेघेचा जास्त जड जातोय. यांच्या जागी मी असते तर खोडली असती का? नसती. तक्ता म्हणजे तक्ता, असं म्हणाले असते, आणि तसं म्हणताना मला बरंही वाटलं असतं.

तरीही, कौतुकाच्या भाषणात एक चूक दाखवणं भाग आहे. छापील अहवालात त्या आठवड्याचा आकडा चारशे सतरा आहे. तो चुकीचा आहे. अध्यक्षांनी दुरुस्ती नोंदवून घ्यावी: चारशे अठरा. ती राहिलेली गाडी माझी होती.

शिट्टी, मुख्य कार्यालयातली ती जागा आता तुमची, तिकडे वाक्यं तुम्हीच लिहा. तक्ते माझ्याकडे पाठवत जा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मोजणीतलं मात्र घालू नका.