अराजकवाद्यांच्या पत्रांच्या सात वह्या

मी करुणा पुंडलिक दाभाडे, वय ६१ वर्षे, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षिका, रा. हडको एन-११, छत्रपती संभाजीनगर. आज स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. गंगापूरच्या शाळेत नोकरीला असताना एसटीने जाता-येता मी युरोपातल्या जुन्या अराजकवादी क्रांतिकारकांच्या पत्रांचे मराठी भाषांतर केले. हे लोक सरकार नको, मालकही नको असे म्हणत, लपूनछपून छापखाने चालवत आणि त्याबद्दल एकमेकांना लिहीत. पत्रे लिहिणारे सध्या कुठे राहतात असे विचारल्यावरून सांगते की, ते मरून शंभर वर्षे होत आली. या कामाला मला नऊ वर्षे लागली व सात वह्या भरल्या.

सन २०२३ मध्ये मी त्या वह्या चिन्मय व्यंकटराव पाटोदेकर यांना छापण्यासाठी दिल्या. ते प्रकाशन चालवतात. तिथे कोणी मालक नाही असे ते म्हणतात. किल्ली मात्र त्यांच्याच खिशात असते. "ताई, नाव छापणं म्हणजे अहंकार. आपल्या पुस्तकावर कुणाचंच नाव नको," असे ते म्हणाले. मी एवढी शिकलेली बाई, पण मला ते पटले.

दिनांक ८ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजता, प्रकाशन समारंभात, मी पुस्तक प्रथम पाहिले. मुखपृष्ठावर 'अनुवाद: चिन्मय पाटोदेकर' असे होते. अहंकार तेवढ्यात कुठे गेला, हे मला माहीत नाही. माझ्या वह्यांत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका बाईचे पत्र होते. तुमच्या घोषणा मी जुळवते, माझे नाव कुठेच नसते, असे तिने लिहिले होते. तेवढे पत्र गाळलेले होते. विचारले तर म्हणाले, "पानं वाढत होती." त्यांची स्वतःची प्रस्तावना बावीस पानांची आहे. मला 'टंकलेखन साहाय्य' म्हणून शाल दिली. ती मी खुर्चीवरच ठेवून आले.

वह्या मागितल्या व न दिल्यास तक्रार करीन असे सांगितले असता ते म्हणाले, "त्या आता सगळ्यांच्या आहेत. आणि तुम्ही पोलिसांत जाणार? सरकारच्या दारात? शोभतं का?" माझ्याकडे दुसरी प्रत नाही. वह्या गेल्या तर काम माझे होते हे दाखवायला माझ्याजवळ काहीच उरत नाही. तरी त्या मला परत मिळाव्यात.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचला. त्यात मला 'भाषांतरात मदत करणारी महिला' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही: करुणा पुंडलिक दाभाडे, भाषांतरकार.