डाव्या कडेचा माणूस

नाही, थांबा, आधी मला हे सांगा — माझे फोटो या कॉम्प्युटरच्या बाहेर जातात का? हो की नाही? ‘तसे जात नाहीत’ म्हणजे काय — तसे नाहीत, मग कसे जातात? हसू नका. तुमच्याआधी दोघं येऊन गेले असलीच सॉफ्टवेअरं घेऊन. एकजण इतका गोड बोलत होता, की मी चहासुद्धा विचारला नाही. तुमचा सांगितलाय, पण दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकूनच पिणार. पंधरा वर्षांचा स्टुडिओ, चाळीस हजार रॉ फाइली — कॅमेऱ्यातून निघाल्या तशा, कच्च्या — आणि नावं काय, तर नुसते आकडे! एक शोधायला बसलं की दिवस मावळतो. आणि मला शुक्रवारपर्यंत एक हवीच आहे, प्रदर्शनवाल्यांना. मूळ फाइल द्या म्हणतात, प्रिंट चालणार नाही. का, माझ्यावर विश्वास नाही? विचारलं, तर म्हणे नियम आहे, सगळ्यांकडेच मागतो. सगळ्यांकडेच! माझ्याकडेच कशावरून नाही?

कुठली? अहो, येताना काचेत पाहिलीत ना — आमची आई खिडकीपाशी सुई ओवतेय, ती. चेहऱ्यावर उजेड कसा पडलाय! रस्त्यातली माणसं थांबतात. त्या एका फोटोवर नाव झालं माझं, लग्नवाले येतात तेच मुळी ‘ते सुईवाले तुम्हीच का’ विचारत. मीच की. स्टुडिओ माझा, कॅमेरा माझा — म्हणजे ताईनं आणि मी मिळून घेतलेला, थोरली बहीण माझी, तीही काढायची तेव्हा फोटो, मग संसाराला लागली — ते असू द्या, विषय तो नाही.

चेहरे ओळखतं म्हणता? मला नाही पटत. माझ्यावरच करून बघा. हा घ्या चेहरा, लिहा नाव. … एकतीस फोटो सापडले? थापा मारू नका. हं, हा मी. हाही मीच, केस होते तेव्हा. हा — हा नाही. ही आईची सुई! चुकलं तुमचं यंत्र! मी काढलेल्या फोटोत मी कसा असेन? बघा, म्हणत नव्हतो मी —

उघडा. मोठा करा.

हे इतकं रुंद कसं? काय? मी तेव्हा कड कापली, ती नुसती माझ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या नोंदीतच राहते? मूळ फाइलला कात्री लागतच नाही? नऊ वर्षं मी समजून चाललो, डावी कड गेली म्हणजे गेली.

हो. मीच तो, थर्माकोलची पाटी धरलेला. आईच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा होता ना — ताई ओरडत होती, ‘वर धर रे मेल्या, अजून वर!’ — आणि मी बघा कसा हसतोय, हात भरून आलेत तरी.

तिनं पाठवलं का तुम्हाला? खरं सांगा. … बरं, नाही. ती पाठवणारही नाही. तेच तर! नऊ वर्षांत त्यावर एक शब्द नाही. येते, काचेपाशी उभी राहते, ‘आई छान दिसतेय रे’ म्हणते. ‘छान काढलास’ म्हणत नाही, ‘मी काढलाय’ तेही म्हणत नाही. मी आपला तिच्या तोंडाकडे बघत राहतो, हिच्या मनात आहे तरी काय! माणसानं भांडावं तरी. भांडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते, मोकळा झालो असतो.

आता ही पाठवली तर ते विचारणार, तुम्ही एकाच वेळी कॅमेऱ्याच्या दोन्हीकडे कसे होतात? आणि नाही पाठवली तर —

नका! कापू नका. राहू दे ती कड. खाली काय लुकलुकतंय ते? छायाचित्रकाराचं नाव? हात लावू नका तिथं. मी लिहीन. हसू नका म्हटलं ना — तिचं नाव मला लिहिता येतं.

चहा संपवा आणि निघा. दार जपून ओढा, त्याच्यामागे पाटी आहे ती. ठेवलीय अजून.